श्रोत्यांच्या कानाची कदर

ज्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली, त्यांचे जन्मस्थान म्हणून पूजिल्या जाणाऱ्या, कयाधूकाठच्या नर्सीचा हा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन महसुली दप्तरात दाखल झाला असला, तरी त्याची श्रवणभक्ती त्या दप्तराहून पुष्कळ पुरातन आहे. औंढा नागनाथाचे देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरले, ही आख्यायिका ज्या मुलखाने जिवापाड जपली, तेथील लोकसंगीताच्या श्रोत्यांच्या उत्साहाचे नवल ते काय! गोंधळी तुणतुण्याची खुंटी पिळून एकुलती तार कानाने पारखतो, संबळावर काठी पडते, आणि पुढच्या रांगेतील कुजबुज आपोआप थांबते. शहरांतील तरुण ज्या आवेगाने रॉक संगीतासाठी रात्र जागवतात, तोच हा आवेग. त्याला ग्रामीण म्हणून कमी लेखणे सर्वथा अन्यायाचे आहे. मात्र अजस्र ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहिल्या, की तुणतुण्याचा सूक्ष्म स्वर प्रथम लोपतो. म्हणून हिंगोलीच्या दसरा महोत्सवात एक तरी रात्र ध्वनिवर्धकाविना, केवळ कातडे, तार आणि कंठ यांच्यासाठी राखून ठेवण्याची तजवीज संबंधितांनी अवश्य करावी.