दारातला मोत्या आणि घरातली हवा



शहापूर-मुरबाडकडच्या घरांतून माणूस आणि जनावर यांचा संसार आजवर एकाच छपराखाली चालत आला आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून गोठा, ओसरीवर कुत्रा, चुलीच्या उबेला मांजर आणि परसात कोंबड्यांचे खुराडे. पौषातल्या म्हसा यात्रेचा जनावरांचा बाजार बघत लहानाचे मोठे झालेल्यांना यात वावगे काहीच वाटत नाही. आता वासिंद, आसनगाव परिसरात इमारती उभ्या राहिल्या, आणि ओसरीवरचा मोत्या दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत राहू लागला. अशा घरातल्या लेकराला रात्री खोकल्याची उबळ येऊ लागली, छातीत घरघर वाजू लागली, की घरात दोन मते पडतात. आजी म्हणते, मोत्याला शेतावर सोडून या. वडील म्हणतात, एअर प्युरिफायर आणू. दोन्ही निर्णय घाईचे ठरू शकतात. म्हणून आज या यंत्राविषयी थोडे सविस्तर बोलू.

केसांवर आळ नको

कुत्र्या-मांजरांची ॲलर्जी केसांमुळे होते, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक त्रास देणारी प्रथिने प्राण्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात असतात. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि तिचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. हे कण इतके हलके असतात की कित्येक तास तरंगत राहतात. गाद्या, पडदे, गोधड्या यांत मुरून बसतात. मांजर घरातून गेल्यावरही त्यांचा अंश काही महिने टिकतो. त्यामुळे आखूड केसांचे जनावर पाळले म्हणजे चिंता मिटली, असे नाही. तसेच मोत्याला सोडून आल्यावर आठवडाभरात खोकला थांबला नाही, तर तो निर्दोष होता असेही लगेच ठरत नाही.

आधी धुराचा हिशेब

आपल्या भागातली हवा ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळा-उन्हाळ्यात वीटभट्ट्या धगधगत असतात. पावसाळ्याआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, फांद्या आणि शेण यांचा धूर शिवारभर पसरतो. नाशिक महामार्गाची आणि माळशेज रस्त्याची धूळ आहेच. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते. आणि बारा महिने अनेक घरांत चूल असते. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडे पेटतातच.

तेव्हा दोन आठवडे एक वही ठेवा. खोकला कोणत्या वेळी वाढतो? चूल पेटल्यावर, मांजर अंथरुणात शिरल्यावर, की पाऊस लागल्यावर? मूल चार दिवस मामाच्या गावी गेले तेव्हा काय झाले? ही वही घेऊन शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गरज भासल्यास ते ॲलर्जीची चाचणी सुचवतील. दम्याचे औषध सुरू असेल, तर यंत्र आणले म्हणून ते बंद करू नका.

येथे एक धोक्याची सूचना. यंत्राच्या पुस्तिकेत दारे-खिडक्या बंद ठेवण्यास सांगितलेले असते. हा सल्ला ज्या घरात चूल नाही त्या घरासाठी ठीक आहे. चूल किंवा शेगडी पेटलेली असताना खोली बंद करू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असून हेपा फिल्टर त्याला मुळीच अडवू शकत नाही. थंडीत शेगडी आत घेऊन, दार लावून झोपणे जिवावर बेतते. कोणतेही प्युरिफायर तेथे कामास येणार नाही. ज्या घरात चुलीचा धूर कोंडतो, तेथे पहिला खर्च धुराड्यावर किंवा गॅसवर व्हावा.

कौलारू घराबाबतही विचार हवा. कौलांच्या फटींतून हवा सतत येत-जात असते. अशा ठिकाणी यंत्र एका बाजूने हवा गाळते आणि दुसऱ्या बाजूने नवी धूळ आत येते. माळा घातलेली, दार नीट लागणारी एखादी झोपायची खोली असेल, तरच खरेदीचा विचार करा.

यंत्र निवडताना

या अटी पूर्ण होत असतील, तर दुकानात पुढील गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट फिल्टरची. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोक्यावर ‘हेपासारखा’ असे शब्द असतील, तर ते यंत्र बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट क्षमतेची. यंत्र तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देते, त्या आकड्याला सीएडीआर म्हणतात. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासात पाच वेळा गाळली जायची, तर १७० सीएडीआर हवा. मात्र हा आकडा पंखा सर्वांत जोरात असतानाचा असतो आणि त्या आवाजात मूल झोपत नाही. संथ वेगावर क्षमता निम्म्याहूनही खाली येऊ शकते. म्हणून या खोलीसाठी २५० ते ३०० सीएडीआरचे यंत्र घेऊन ते मध्यम वेगावर चालवणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट, जी जनावरांच्या घरात सर्वांत मोलाची, ती पुढच्या जाळीची. केस तेथेच अडकले पाहिजेत, नाहीतर महागडा हेपा लवकर तुंबतो. जाळी सहज निघणारी आणि धुता येणारी असावी. दर आठवड्याला ती साफ करा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. पावसाळ्यात ओली जाळी बसवली, तर यंत्रच बुरशी पसरवू लागेल.

ओल्या कुत्र्याचा वास हेपाने जात नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. तो दाणेदार आणि भरपूर असावा. नुसता काळा स्पंज थोड्याच दिवसांत निकामी होतो. ओझोन सोडणारे यंत्र घरात आणू नका. ओझोन फुप्फुसांना जाळतो आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला तो अधिकच घातक. वायर पिल्लाच्या दातांपासून दूर ठेवा आणि यंत्र भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवा.

खर्चाचा हिशेब घरी परतण्याआधीच करा. ४० वॅटचे यंत्र रात्री दहा तास चालले, तर महिन्याला सुमारे १२ युनिट वीज लागते. हा भार फार नाही. खरा भार फिल्टरचा. तो साधारण सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो. त्याची किंमत आणि तो कल्याण-ठाण्यापर्यंत न जाता मिळेल का, हे आधी विचारा. फिल्टर मिळाला नाही, तर यंत्र कोपऱ्यातला पंखा होऊन राहते.

यंत्रावर सूक्ष्म कणांचा आकडा दिसत असेल, तर तो कसा वाचावा हेही जाणून घ्या. पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी भारतीय मानकानुसार घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे.

झाडू, फडके आणि दार

यंत्र फक्त हवेत तरंगणारे कण पकडते. गादीत मुरलेले तसेच राहतात. म्हणून मुलाच्या झोपण्याच्या खोलीत प्राण्याला प्रवेश नको. तेवढे एक दार दिवसभरही बंद असू द्या. चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गोधड्यांना कडक ऊन दाखवा. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसा. कुत्र्याला नियमित अंघोळ घाला आणि त्याचे अंग अंगणातच विंचरा, तेही ज्याला त्रास नाही त्याच्या हातून. मुलाने मोत्याशी खेळून आल्यावर हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत.

एवढे करून महिनाभराने वही पुन्हा उघडा. रात्री शांत झाल्या असतील, तर मोत्याला घरचा दरवाजा पारखा करण्याचे कारण उरत नाही. ॲलर्जी सिद्ध झाली असेल आणि सर्व उपाय करूनही मुलाचा दमा आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मोत्यासाठी जवळचेच प्रेमळ घर शोधावे. त्या निर्णयात क्रूरता नाही, कारण लेकराचा श्वास सर्वांत आधी. मात्र तो निर्णय वही पाहून व्हावा, रात्रीच्या घाबरलेल्या क्षणी नव्हे. तोवर मोत्याची जागा ओसरीवर असू द्या. त्याच्या कितीतरी पिढ्या तिथेच सुखाने राखण करत आल्या आहेत.