तुमची हौस, दुसऱ्याच्या खांद्यावर

पावसाळा हाच ट्रेकिंगचा मोसम, हे खूळ ज्यांनी पसरवलं त्यांना मी जबाबदार धरतो. नवख्यानं सह्याद्रीत चढायला सुरुवात करावी ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा वाट दिसते, टाक्यांत पाणी असतं, ऊन सोसतं. जुलैतल्या धुक्यात कडा कुठे संपतो ते दहा पावलांवरून कळत नाही आणि ढोरवाटेनं माणूस भलत्याच रानात शिरतो.

तरीही शनिवारी रात्री मुंबई-पुण्यातून बसगाड्या भरून निघतात. पहाटे पायथ्याच्या गावात उतरणारी ही बॅच मी पाहिली आहे. पायांत तळवा घासून गुळगुळीत झालेले बूट, हातात मोबाईल, सॅकमध्ये चिप्स. बॅटरी, शिट्टी, कोरडे कपडे कुणाकडेच नाहीत. चाळीस जणांमागे दोन लीडर, तेही कॉलेजातली पोरं. दमा आहे का, गुडघा दुखतो का, कुणी विचारत नाही. पैसे आगाऊ घेतलेले असतात, म्हणून रेड अलर्ट असला तरी ट्रेक रद्द होत नाही. मग हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडवून ताटकळतात, खोबणीत बोटं रुतवून, पावसात. याला साहस म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतरही लोक ओढ्यात उतरतातच. घाटमाथ्यावरचा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. वर डोंगरात सर कोसळली की खाली, तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही, ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला की त्याच क्षणी बाहेर पडायचं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. हजार-दीड हजार रुपये घेणाऱ्या लीडरनं ते सांगायला नको?

उन्हाळ्यात तर वेगळाच निष्काळजीपणा. एप्रिलमध्ये किती तरी किल्ल्यांवरची टाकी आटतात किंवा त्यांतलं पाणी पिण्याजोगं राहत नाही, आणि ही मंडळी अकराच्या उन्हात लिटरभर पाणी घेऊन चढू लागतात. पहाटे निघून दहापर्यंत सावली गाठायची आणि माणशी तीन-चार लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर न्यायचं, यात कसलीही सूट नाही. आग्या मोहोळाखाली धूर करणाऱ्याला मी तिथूनच परत पाठवीन.

माझा खरा राग मात्र पुढच्या गोष्टीचा आहे. घसरलेल्याला खाली आणतं कोण? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि पायथ्याच्या गावातली माणसं. स्वतःचा कामधंदा सोडून ते रात्री, पावसात, घसाऱ्यावरून स्ट्रेचर उतरवतात. सहा-आठ जण खांदा देतात, दमले की दुसरे सहा. एकाचा पाय निसटला तर सगळेच गेले. आपल्या बेफिकिरीसाठी दुसऱ्याच्या लेकराला असं पणाला लावायचा अधिकार कुणालाही नाही.

तेव्हा बुकिंग करण्याआधी आयोजकाला एकच प्रश्न विचारा: रेड अलर्ट आला तर ट्रेक रद्द करून पैसे परत देणार का? तो गुळमुळीत बोलू लागला, तर त्याच्याबरोबर जाऊ नका.