पहिला नाताळ कोणाच्या घरी?

आगमनकाळाचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. "फादर, लग्नानंतरचा आमचा पहिलाच नाताळ. दुपारचे जेवण माझ्या घरी घ्यायचे की हिच्या माहेरी?" विचारणारा मुलगा शिकलेला असतो, शेजारी बसलेली मुलगी मिळवती असते. वाडीतले वडिलोपार्जित घर अपुरे पडले म्हणून दोघांनी नायगावला किंवा विरारला नव्या इमारतीत घर घेतलेले असते. त्या घराचा हप्ता दोघे मिळून भरतात. मात्र त्या घरातला पहिला नाताळ कसा व्हावा, हे त्या दोघांखेरीज बाकी सर्वजण ठरवतात. या विषयावर गोड शब्दांत पुष्कळ बोलून झाले. आज थोडे कडू लिहिणार आहोत. वाचकांनी क्षमा करावी.

आरंभी आमचाच एक अपराध कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही धर्मग्रामात घरोघरच्या गोठ्यांची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक म्हणून दोन शिक्षकांना सोबत घेऊन आम्ही एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गेलो. घर नवे, जोडपे नवे. गोठा तर पाहत राहावा असा: वाहते पाणी, फिरणारी पवनचक्की, महागड्या मूर्ती, रंग बदलणारे दिवे. आम्ही पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो. पुढे उपवासकाळात ती दोघे आमच्याकडे आली, पण वेगवेगळी. मुलाच्या घरचे म्हणाले होते, "पहिला नाताळ मोठ्या घरीच होतो, ही आपली रीत." मुलीच्या आईने पंचवीस तारखेला पाने मांडून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली होती. त्याच रात्री त्या बक्षीसपात्र गोठ्यासमोर दोघांचे भांडण झाले. गोठा आणि दिवाणखान्यातले नवे सामान कर्ज काढून आणलेले होते, हेही त्या भांडणात निघाले. मुलगी माहेरी निघून गेली. देवाच्या कृपेने पुढे ती दोघे पुन्हा एकत्र आली. पण आमच्या मनाची टोचणी गेलेली नाही. आम्ही त्या गोठ्याला गुण दिले. त्या घरात काय चालले आहे, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही.

आता मूळ मुद्दा. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात विवाहाविषयी जे सांगितले आहे ते प्रत्येक लग्नाच्या मिस्सात आपण ऐकतो आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना विसरतो. आईवडिलांना सोडून पत्नीशी जडून राहायचे, असे तेथे पुरुषाला सांगितले आहे. ज्या समाजात हे वचन लिहिले गेले, तेथेही मुलगीच घर सोडून जात असे. तरीही पवित्र शास्त्र 'सोडण्या'ची अट पुरुषावर घालते. आपण काय केले? सोडण्याचे सारे ओझे मुलीच्या डोक्यावर ठेवले. तिने घर सोडायचे, आळी सोडायची, आईच्या हातच्या नेवऱ्या सोडायच्या. मुलाने मात्र काहीच सोडायचे नाही. चौथ्या मजल्यावर स्वतःच्या घराची किल्ली खिशात असूनही त्याचा नाताळ आईच्याच ओटीवर व्हायचा! पहिला नाताळ हा आमच्या मते या मुलाची पहिली परीक्षा आहे. आपल्या पत्नीसह आपण एक नवे कुटुंब झालो आहोत, हे त्याला कळले की नाही, ते त्या दिवशी कळते.

"मग काय, आईबापांना टाकून द्यायचे?" असा प्रश्न लगेच येईल. मुळीच नाही. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आम्ही विसरलेलो नाही. पण मान राखणे निराळे आणि त्यांच्या आज्ञेत लहान मूल होऊन राहणे निराळे. शिवाय ही आज्ञा सांगते ती आईवडिलांविषयी. मुलाचे तेवढे आईवडील आणि मुलीचे ते परके, असा भेद तिच्यात कोठे आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला जणू घरातली ख्रिस्तसभा म्हटले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली कुटुंबावरील आपल्या पत्रात हाच विचार विस्ताराने मांडला. नवे घर ही जर नवी लहानशी ख्रिस्तसभा आहे, तर तिच्या पहिल्या सणाला तिच्या दाराला कुलूप असावे, हे आम्हांला शोभत नाही.

आणि पहिल्या नाताळाची खरी गोष्ट तरी काय सांगते? योसेफ आणि मरिया यांचे ते नवे सहजीवन होते. नाझरेथ सोडून शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करून ती दोघे बेथलेहेमला आली. लूकच्या शुभवर्तमानात त्या रात्री ना मरियेची आई दिसते, ना योसेफाचे कोणी नातलग दिसतात. दाराशी आले ते अनोळखी मेंढपाळ. पुढे मागी लोक आले, तेव्हा मत्तय सांगतो की ते एका घरात गेले. त्या घरात बाळ होते, आई होती आणि परक्यांना आत येऊ देणारे उघडे दार होते. त्या घराचे याहून अधिक वर्णन करण्याची मत्तयाला गरज वाटली नाही.

गोठ्याविषयीही एक स्मरण द्यावेसे वाटते. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेच्चो येथे गोठ्याचा देखावा उभा केला, तेव्हा त्याने मागवले ते गवत, बैल आणि गाढव. देवाच्या पुत्राने किती उणीव सोसली, हे डोळ्यांनी पाहता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी त्याच ग्रेच्चो गावी गोठ्याच्या अर्थाविषयी पत्र प्रसिद्ध केले. दारिद्र्याचे ते चिन्ह आपण कर्जाच्या हप्त्यांवर सजवतो आणि त्याचे छायाचित्र मोबाईलवर सर्वांना पाठवतो. हौस असावी, काना गावच्या लग्नात प्रभूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, तो काही हौसेचा वैरी नव्हता. पण त्या यजमानाला त्याने कर्जात लोटले नाही, त्याची लाज राखली. डिसेंबरची हौस जूनपर्यंत फेडावी लागत असेल, तर तिला हौस म्हणू नये.

आता 'जेवण कोठे' या प्रश्नाकडे वळू. हा तंटा उभा राहतो तो आपण नाताळ एका दुपारीत कोंबतो म्हणून. ख्रिस्तसभेने नाताळाला आठ दिवसांचा अष्टाह दिला आहे, आणि नाताळकाळ तर प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. या अष्टाहातल्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो. मध्ये रविवार येत नसेल, तर तो 30 डिसेंबरला होतो. सासरला एक दिवस, माहेरला एक दिवस, आणि पंचवीस तारखेची दुपार स्वतःच्या घरी, इतका साधा हिशोब घालायला काय अडचण आहे? त्या दुपारी दोन्हीकडच्या आईवडिलांना नव्या घरी बोलवा. भात-रस्सा साधा असो, कलकल थोडे करपलेले असोत. विहीणबाईंनी सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून बसावे, झाकणे उचलून पाहू नयेत. जावयाने पाने मांडावीत. एका टेबलाशी दोन्ही घरे बसली की 'कोणाच्या घरी' हा प्रश्नच उरत नाही.

आणि एक पान जास्त मांडा. तुमच्या इमारतीचा पहारेकरी बहुधा शेकडो मैल दूरचे आपले गाव सोडून आलेला असतो. शेजारी एखादी विधवा असते, जिची मुले परदेशातून फोनवरच नाताळ साजरा करतात. घरभरणीला आपण पवित्र पाणी शिंपडतो. पण घराचा खरा आशीर्वाद परका माणूस उंबरठा ओलांडून आत येतो तेव्हा उतरतो, असे आम्ही अनुभवाने सांगतो.

वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. तुम्ही मुलांना वाढवले ते कायम आपल्या ताटाशी बसवून ठेवण्यासाठी नव्हे. यंदा तुम्ही त्यांच्या दाराशी जा, घंटी वाजवा आणि आत बोलावतील तोवर थांबा. तो क्षणभराचा थांबा तुमच्या कोणत्याही भेटवस्तूहून मोठा ठरेल.

आमच्यापुरते सांगायचे, तर घरगुती गोठ्यांची स्पर्धा आम्ही बंद केली आहे. वाडीवाडीतले तरुण एकत्र येऊन गोठे उभारतात, ते उभारोत. त्यात कष्ट आणि मैत्री असते. पण नवविवाहितांच्या घरी आम्ही आता गुणांची वही घेऊन जात नाही. आशीर्वाद देतो, आणि चहा घेता घेता हलकेच विचारतो, "तुम्ही दोघे बरे आहात ना?" हा प्रश्न आम्ही त्या चौथ्या मजल्यावर विचारायला हवा होता.

बाळ येशू प्रत्येक नव्या घराला शांती देवो.