एकोणीस-वीसचा फरक आणि आपली मजुरी

राणीसावरगावच्या एका रंगारी बंधूंचे पत्र आले आहे. हॉल आणि माजघराचे काम होते. घरच्या ताईंनी दुकानात शेड कार्डावरच्या शेजारशेजारच्या दोन मोतिया छटांपैकी एकीवर बोट ठेवले. 20 लिटरची बादली मशीनवर तयार झाली, दोन हात मारून झाले. संध्याकाळी पिवळा बल्ब लागला आणि भिंत गुलाबी दिसू लागली. ताई म्हणाल्या, "दादा, मी हा नव्हता सांगितला." दुकानदार टिंट केलेला माल परत घेईना. चार दिवसांची मजुरी अडकली, शिवाय नव्या बादलीचे निम्मे पैसे बंधूंच्या अंगावर आले.

ताई खोटे बोलत नव्हत्या. एका छटेत यलो ऑक्साइडचा थेंब जास्त, दुसरीत रेड ऑक्साइडचा. दुकानातल्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली, दोन बोटांच्या चौकोनात, हा फरक अनोळखी डोळ्याला दिसतच नाही. घरात 2700 केल्विनचा बल्ब लागला, समोरासमोरच्या भिंतींनी एकमेकींवर रंग फेकला, की लपलेला तांबूसपणा वर येतो. त्यात खाली शहाबादी फरशी असेल तर छटा आणखी बदलते. हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही "दोन्ही सारखेच हो ताई, एकोणीस-वीसचा फरक" असे म्हणून झाकण उघडणारे आपल्यातच आहेत, आणि त्यांचा मला राग येतो. तो एकोणीस-वीसचा फरक ओळखण्याचीच तर आपली मजुरी आहे.

सरकारी कामात आयएस 5 या रंगांच्या भारतीय मानकातला क्रमांक लिहिलेला असतो. 537 म्हणजे सिग्नल रेड, 538 म्हणजे पोस्ट ऑफिस रेड. वाद निघाला तर कागद बोलतो. घराच्या कामात मात्र आपण "क्रीम" एवढ्यावर बादली आणतो. पत्रलेखक बंधूंनी नमुना करायचा म्हटले होते. दुकानदार म्हणाला, एक लिटरच्या खाली मशीन लावणार नाही. लिटरचा खर्च कोणी करायचा, यावर गाडे अडले आणि नमुना राहून गेला.

तो खर्च मालकाचा. कोटेशनमध्ये पुट्टी, प्रायमर, दोन हात लिहिता, तशीच "नमुना" ही वेगळी ओळ लिहा, दरासकट. दोन फूट बाय दोन फुटांचे दोन हार्डबोर्ड घ्या, प्रायमर लावा, कडेला चार बोटे पांढरी पट्टी सोडून प्रत्येकावर एकेका छटेचे दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या; ओल्या इमल्शनवर कोणाचा होकार घेऊ नका, वाळल्यावर ते गडद होते. जुन्या हिरव्या भिंतीवर पट्टे ओढून दाखवू नका, हिरव्याशेजारी कोणतीही मोतिया छटा तांबूसच दिसते. बोर्ड एक दिवस घरात ठेवा. सकाळी खिडकीसमोरच्या भिंतीला, रात्री दिव्याखाली, एका वेळी एकच उभा करा. ठरलेल्या बोर्डाच्या मागे कोड, बेस आणि तारीख लिहून घरच्यांची सही घ्या. बादलीवरची मशीनची चिठ्ठी त्याशी ताडून मगच झाकण उघडा. दोन बादल्या असतील तर मोठ्या पिंपात एकत्र ढवळा.

दुकानदार मित्रांना विनंती आहे, 200 मिलिलिटरचा नमुना द्या आणि त्याचे पैसे घ्या. राणीसावरगावच्या बंधूंनी नव्या बादलीने हॉल पुन्हा रंगवला आहे. माजघर अजून तसेच आहे. घटस्थापनेआधी ते काम त्यांना पुरे करायचे आहे. परभणी, गंगाखेड भागात कोणाकडे दोन दिवस मोकळे असतील, तर आपल्या या मासिकाच्या कार्यालयात कळवा.