दंड झाला, पण दवंडी कुठे?

पूर्वी गावात सरकारी हुकूम आला की कोतवाल दवंडी पिटीत असे आणि हुकमाची प्रत चावडीवर लागत असे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता. परंतु ज्याच्यावर हुकूम बजावायचा, त्याच्या कानी तो गेला पाहिजे, एवढे तत्त्व तीदेखील मानीत होती. रस्त्यावरील कॅमेऱ्याने होणाऱ्या दंडाच्या बाबतीत आज नेमके हेच तत्त्व ढिले पडले आहे.

हिमायतनगरचा शेतकरी किंवा मजूर औषधपाण्यासाठी, खरेदीसाठी दुचाकीवरून नांदेडला जातो. कामाच्या शोधात पुण्यापर्यंतही जातो. एखाद्या चौकात त्याच्या वाहनाचे छायाचित्र निघते. त्या क्षणी त्याला कोणी थांबवीत नाही, पावती देत नाही, चूक सांगत नाही. ई-चलानाचा संदेश जातो तो वाहनाच्या नोंदणीत असलेल्या मोबाईल क्रमांकावर. हा क्रमांक पुष्कळदा विक्रेत्याने किंवा एजंटाने आपल्या सोयीने टाकलेला असतो, नाही तर केव्हाच बंद पडलेला असतो. जुनी गाडी विकत घेऊन नाव बदलून न घेण्याची रीत ग्रामीण भागात सर्रास आहे. तेथे संदेश जुन्या मालकाकडे जातो आणि गाडी नव्याकडे धावत राहते. मग दंडाचा पत्ता लागतो तो गाडी विकायला काढल्यावर, पोलिसाने अडवून यंत्रात क्रमांक घातल्यावर किंवा थकीत चलान लोकअदालतीपुढे गेल्यावर. तोवर एका चुकीची चार चलाने झालेली असतात, कारण पहिली चूक त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

कायदा याहून बराच शहाणा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्यानुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत गेली पाहिजे. तीत वाहनाच्या क्रमांकासह गुन्हा दाखविणारे छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम असले पाहिजे. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घेतले पाहिजे. कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्यावर तसा फलक ठळकपणे लावला पाहिजे. हे सारे नागरिकाचे हक्क आहेत, सरकारने केलेली मेहेरबानी नव्हे. परंतु ज्याला चलानच कळले नाही, त्याने हे हक्क बजावायचे कसे?

चलान तपासण्याची सोय आहे, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरेही आहे. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घातले की थकीत चलाने दिसतात, छायाचित्र पाहता येते; महाट्रॅफिक ॲपवरून तक्रारही नोंदविता येते. पण या सोयीचा अर्थ असा झाला की दंड कळविण्याची सरकारची जबाबदारी दंड शोधून काढण्याची नागरिकाची जबाबदारी बनली. ज्याच्या हाती साधा फोन आहे, ज्याला पुष्कळदा इंग्रजीत येणारा संदेश वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने ही सोय असून नसल्यासारखीच. निजामी राजवटीत मराठवाड्यातील कुळावर उर्दूतले हुकूम बजावले जात आणि ते वाचून घेण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरल्यानंतरही तशीच वेळ यावी, हे लाजिरवाणे आहे.

या अंधारात भामट्यांचेही फावते. ई-चलानाच्या नावाने खोटी लिंक किंवा फाइल पाठवून बँकेतले पैसे लांबविण्याचे प्रकार राज्यभर घडले आहेत. खरा संदेश पोचत नाही आणि खोटा मात्र घरबसल्या येतो, अशा अवस्थेत सामान्य माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

याचा अर्थ कॅमेरे काढून टाकावेत असा नव्हे. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली आणि त्यांत शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरील होती. बेदरकार वाहतुकीची किंमत मुख्यतः गरीब मोजतो. म्हणून कायद्याचा धाक हवाच. शिवाय कॅमेरा माणूस पाहून सलाम करीत नाही, आमदाराची गाडी आणि मजुराची दुचाकी त्याला सारखीच. परंतु धाकाचा हेतू सुधारणा हा असेल, तर चूक आणि सूचना यांत महिने जाता कामा नयेत. उशिरा कळलेल्या दंडाने तिजोरी भरेल, अपघात टळणार नाहीत.

२०२५ च्या जुलैमध्ये वाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध आंदोलन पुकारले. त्याच महिन्यात पोलिसांनी खासगी मोबाईलवर छायाचित्रे काढून मागाहून चलान करू नये, असा आदेश निघाला. संघटित आवाज उठला की शासन हलते, हा त्याचा धडा. पण ट्रकमालकांना संघटना आहे; हिमायतनगरच्या दुचाकीस्वाराला नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पंधरा दिवसांत मराठीतून सूचना मिळावी आणि मोबाईलवर ती पोचल्याची खात्री नसेल तर टपालाने पाठवावी. मुदत चुकलेली चलाने रद्द व्हावीत. छायाचित्र पाहण्याची आणि हरकत नोंदविण्याची सोय तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, कागदावर आणि विनामूल्य असावी.

कार्यकर्त्यांना मात्र शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून, गाडीचे पुस्तक पाहून, येणाऱ्याची चलाने तपासून देता येतील. नोंदणीतील मोबाईल क्रमांक बदलून घेणे, विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास देणे, चुकीच्या चलानावर हरकत लिहिणे, ही कामे किरकोळ दिसतात. पण आपल्यावर कोणता आरोप आहे हे वेळेवर आणि आपल्या भाषेत कळणे, हा न्यायाचा पहिला उंबरठा आहे. तो ओलांडायला माणसाला मदत करणे हेही समतेच्या चळवळीचेच काम होय.