बुडबुडे येतात, पण ऑक्सिजन येतो का?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मिळेल त्या किमतीला घेतलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रे आता दुरुस्तीला येऊ लागली आहेत. सुटे भाग मिळत नाहीत, कधी विकणाराच सापडत नाही. मग रुग्णाचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याच्याकडून करून घेऊ का?"

माझा दुरुस्तीला विरोध नाही. सीओपीडीच्या ज्या रुग्णाला रोज १५ तास ऑक्सिजन लागतो, त्याच्या घरच्यांना 'नवीन घ्या' म्हणणे सोपे आहे. पैसे त्यांना भरायचे असतात. पण माझी एक अट असते आणि ती समजण्यासाठी यंत्र कसे चालते हे थोडे पाहावे लागेल.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइटच्या दाण्यांमधून सोडतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन येतो. झिओलाइटला ओलाव्याचे वावडे असते. पावसाळाभर पडून राहिलेल्या यंत्रातले दाणे निकामी झालेले असू शकतात. तरीही यंत्र घरघरते, फ्लोमीटरमधली गोळी ५ वर तरंगते, बाटलीत बुडबुडे येतात. नळीतून मात्र साध्या हवेपेक्षा फार वेगळे काही येत नसते! फ्लोमीटर वायू किती वाहतो तेवढेच सांगतो, त्यात ऑक्सिजन किती ते सांगत नाही.

म्हणून दुरुस्तीनंतर ऑक्सिजन अॅनालायझर लावून टक्केवारी दाखवायला सांगा. तीही तुम्हाला लागणाऱ्या फ्लोवर, यंत्र १५-२० मिनिटे चालल्यावर. ही माझी अट. ८२ टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर ते यंत्र घरी आणू नका. आणि 'फ्लो वाढवा, भागेल' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. थकलेल्या यंत्राचा फ्लो वाढवला की शुद्धता आणखी घसरते.

बाहेरचा फिल्टर, नळी, बाटली स्थानिक बाजारातली चालते. फ्लोमीटरच्या बाबतीत जपा. सिलिंडरचा फ्लोमीटर वेगळ्या दाबासाठी बनवलेला असतो, आणि आतली गोळी व काचनळी एकमेकांच्या मापाची असते; दुसरी गोळी टाकली की आकडे खोटे. फ्रिजचा कॉम्प्रेसर बसवणारेही महाभाग आहेत. त्यात तेल असते, आणि ऑक्सिजनच्या मार्गात तेल-ग्रीस म्हणजे आगीला आमंत्रण, शिवाय ते फुप्फुसात जाण्याची भीती.

हा सगळा जुगाड लोक हौसेने करत नाहीत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हा विषय हाती घेतला तेव्हा शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. मोबाइलच्या आधी श्वासाच्या यंत्राचा विचार व्हायला हवा होता, असे मला वाटते. यंत्र विकणाऱ्याने काही वर्षे सुटे भाग पुरवलेच पाहिजेत. तोवर निदान खरेदी करताना ते लेखी मागून घ्या.

यंत्र दुरुस्तीला असेपर्यंत सिलिंडर भाड्याने आणून ठेवा, आणि त्याच्या जवळ देवापुढचे निरांजनसुद्धा नको.