थंडीतला रंग

स्वस्तात रंगकाम करायचे तर पैशापेक्षा उन्हाचा हिशेब आधी मांडावा. निफाडचे आमचे दादा जुन्या ट्रकमधून कांदा वाहतात. पासिंग डिसेंबरात आले, गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरीच नाही का रंगवता येणार?"

"येईल," मी म्हणालो, "पण पहाटे नव्हे!"

निफाडच्या थंडीत पारा १० अंशांखाली सहज उतरतो आणि तेवढ्या गारठ्यात इनॅमल नीट वाळत नाही. दवाने ओलसर पत्र्यावर लावलेला रंग पुढे पापुद्रे होऊन सुटतो. म्हणून सकाळी फक्त गंज खरवडायचा, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने. मग टर्पेंटाइनने तेलकटपणा पुसायचा. रंग ११ ते ३ या वेळातच. आधी रेड ऑक्साइडचा हात, तो पुरता वाळला की इनॅमलचे दोन पातळ हात. जाड हात वरून सुकतो, आत ओलाच राहतो. रंग घट्ट झाला तर डबा कोमट पाण्यात ठेवावा. चुलीजवळ कदापि नेऊ नये.

ट्रक चार दिवस उभा राहिला; हप्ता काही थांबत नाही, म्हणून दादा कुरकुरले. पण वाचकहो, काटकसर मजुरीत करावी, रेड ऑक्साइडात नव्हे. गंज झाकला म्हणून थांबत नाही.